इमारतीत गॅसचा पाइप आलाय, टाकी सोडू का?

ठाण्यात वर्तकनगरच्या आमच्या इमारतीत पाइपचा गॅस आला तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या होत्या, "टाकी सोडू नकोस रे, सबसिडी परत सुरू होईल." मी सोडली. आता शेजारच्या इमारतीत पाइप चढतोय आणि मला तोच प्रश्न रोज विचारला जातोय, म्हणून लिहितो.

आधी पैशांचं. मुंबईत टाकी मार्च 2023 मध्ये 1102.50 रुपयांवर गेली होती. ऑगस्टअखेर 200 रुपये उतरले, 2024 च्या महिला दिनाला आणखी 100, आणि एप्रिल 2025 मध्ये 50 परत चढले. दोन्ही कपातींच्या वेळी निवडणुका जवळ आलेल्या, हे लोकांच्या लक्षात आहे. टाकीतला निम्म्याहून जास्त गॅस बाहेरून येतो, त्यामुळे आखातात भाव हलला की आपला ओटा हलतो. पाइपसाठी देशातच निघणारा गॅस आधी घरांना दिला जातो, त्या गॅसच्या किमतीला एप्रिल 2023 पासून वरची मर्यादा आहे, आणि राज्याने 2022 मध्ये या गॅसवरचा व्हॅट साडेतेरावरून 3 टक्क्यांवर आणला. आम्ही घरात चौघं. दोन महिन्यांचं बिल दोन टाक्यांपेक्षा कमीच येतं. तुमच्याकडे रोज दोन वेळा भाकऱ्या होत असतील तर आकडा वेगळा येईल.

पण मी टाकी सोडली ती दरामुळे नाही, सबसिडीच्या हेलपाट्यांमुळे.

2015 पासून आधी पूर्ण पैसे मोजायचे आणि सबसिडीची वाट बघायची, अशी पद्धत आली. आमचं कनेक्शन आईच्या नावावर. पैसे येईनात. एजन्सीत विचारलं तर म्हणाले बँकेत जा, बँकेत म्हणाले एजन्सीत जा. आई सत्तरीची, गुडघे धरून दोन्हीकडे रांगेत उभी राहायची. कितीतरी महिन्यांनी एका कर्मचाऱ्याने नीट बघून सांगितलं, की आधार ज्या खात्याला सगळ्यात शेवटी जोडलंय तिथेच पैसे जातात. आईचं ते खातं गावच्या बँकेत, पेन्शनसाठी उघडलेलं. पैसे तिथे साचत होते आणि इथे आम्ही महिनाअखेरीला टाकीसाठी पैसे जुळवत होतो. ते सगळं निस्तरलं, आणि मे 2020 पासून आमच्यासारख्यांची सबसिडी शून्यावर आली. आम्हाला कुणी कळवलं नाही. आई पुढे कितीतरी महिने पासबुक छापून आणत होती, ते आठवलं की अजून राग येतो. ऑक्टोबर 2022 मध्ये तोट्यात टाक्या विकल्याबद्दल तीन तेल कंपन्यांना केंद्राने 22,000 कोटी रुपये दिले. म्हणजे गॅसवर सरकार खर्च करतच होतं, पण माझ्या आईला तो दिसत नव्हता.

पाइपचं तसं नाही. जेवढा जाळला तेवढ्याचं बिल, तेही वापरून झाल्यावर. नंबर लावणं नाही, टाकी घेताना ओटीपी सांगणं नाही, टाकी वर चढवायचे वेगळे पैसे नाहीत (घरपोच आणणं दरातच धरलेलं असतं, तरी मागतात).

खोट आहेच. शेगडीचे जेट (गॅस जिथून निघतो ती बारीक तोटी) बदलावे लागतात, आणि ज्योत जरा मवाळ वाटते. भाकरी फुगवायची सवय लागायला आमच्याकडे महिना गेला. दुसरी खोट मला जास्त खटकते. टाकी 50 रुपयांनी वाढली की कोपरीपासून घोडबंदरपर्यंत चर्चा होते, पाइपचा दर युनिटमागे रुपया-दोन रुपये वाढला तर बिल नीट वाचणाऱ्यालाच कळतं. दर दोन महिन्यांनी मागचं बिल शेजारी ठेवून बघा.

घरात उज्ज्वलाचं, म्हणजे गरीब घरांसाठीच्या केंद्राच्या योजनेतलं, कनेक्शन असेल तर घाई करू नका. 2025-26 साठी टाकीमागे 300 रुपये ठरले होते, वर्षाला नऊ टाक्यांपर्यंत, ते सोडणं परवडेलच असं नाही. दर अकरा महिन्यांनी भाड्याचं घर बदलत असाल तरीही टाकीच बरी. स्वतःचं घर असेल, सबसिडी येत नसेल आणि घरात म्हातारं माणूस असेल, तर मला वाटतं पाइप घ्यावा.

काकूंनी टाकी ठेवली आहे. मंगळवारी त्या माझ्याकडून ओटीपी वाचून घ्यायला खाली आल्या, आणि जाताना शेगडीचे जेट बदलणाऱ्याचा नंबर लिहून घेऊन गेल्या.