गोया भिंतीवर लावायचा तर: १८६३ चा ठसा की प्रुफाची प्रतिकृती?

स्पॅनिश चित्रकार गोयाच्या युद्धचित्रांच्या मालिकेतलं एखादं घरात लावायचं म्हटलं की पेच पडतो. १८६३ च्या पहिल्या आवृत्तीतला अस्सल ठसा घ्यावा, की गोयाच्या हयातीतल्या प्रुफाची, म्हणजे आवृत्तीआधी काढलेल्या चाचणीच्या ठशाची, उत्तम प्रतिकृती? मालिकेतल्या पंधराव्या प्लेटसाठी, ‘आणि इलाज नाही’ या चित्रासाठी, मी बरेच महिने या दोहोंत अडकलो होतो.

अस्सल ठशाचं पारडं जड, हे आधीच मान्य करतो. गोयाने कोरलेल्या तांब्याच्याच प्लेटवरून तो निघालेला. कडेला प्लेटच्या दाबाची खूण, कागदावर किंचित उठून आलेली शाई. प्रतिकृतीत यातलं काही नाही, ती सपाट. संग्रह म्हणून घेणाऱ्याने पुढे वाचलं नाही तरी चालेल.

पण माद्रिदच्या सान फर्नांदो अकादमीने ही ८० चित्रं छापली ती गोया जाऊन ३५ वर्षं झाल्यावर. त्या काळच्या आवडीप्रमाणे शाई लावलेली प्लेट छापण्याआधी पुरती पुसली नाही, शाईचा पातळ थर राहू दिला. मला खटकलं ते एवढंच, आणि तेच शेवटपर्यंत खटकत राहिलं. खांबाला बांधलेला माणूस, डोळ्यांवर पट्टी, मान खाली. सगळ्यात उजळ तोच. उजव्या कडेने बंदुकांच्या नळ्या आत आलेल्या, त्या धरणारे मात्र चौकटीबाहेर. इथे पांढरा रंग डोळ्यांना टोचायला हवा. एका विक्रेत्याकडे मी जो ठसा न्याहाळला, त्यात तो मळका होता. सगळ्यावर संध्याकाळ उतरल्यासारखी, आणि त्या संध्याकाळीने मरणाला एक हळवेपणा आलेला. तो मला सोसेना.

गोयाने आपला मित्र सेआन बेर्मुदेसला दिलेला प्रुफांचा संच ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती प्रुफं स्वच्छ पुसून काढलेली. कागदाचा पांढरा पांढराच राहतो. सगळे ठसे काही मी पाहिलेले नाहीत, एखादा १८६३ चा अधिक उजळही असेल. तरी मी प्रुफाची प्रतिकृती घेतली. खोलीत शिरलं की नजर आधी त्या पांढऱ्यावर जाते, मग नळ्यांवर.

घेताना एक मात्र नक्की विचारा: प्रतिकृती कोणत्या ठशावरून केली आहे? पहिल्या आवृत्तीवरून केली असेल तर तो मळका थरही तिच्याबरोबर घरी येईल.