रोजच्या वापरातली जुनी कॅमेरो: आधी हेड, कॅम की इंजेक्शन?

1975 किंवा त्यानंतरची, दुसऱ्या पिढीची शेव्हरोले कॅमेरो. 350 घन इंचांचं व्ही-8 इंजिन आणि तीन गिअरचा ऑटोमॅटिक. अमेरिकेत अशी गाडी घेऊन ती रोज ऑफिसला न्यायला लागलं की लवकरच लक्षात येतं: रूप आहे, आवाज आहे, पण पिकअप नाही. इंजिन 5.7 लिटरचं असूनही चार-बॅरल कार्ब्युरेटरसह 1975 साली ते 155 हॉर्सपॉवर देत होतं आणि 1977 साली 170. आजच्या चार सिलिंडरच्या कॅमरीतही याहून जास्त ताकद असते.

ब्लॉक दणकट आहे. मार बसलाय तो कॉम्प्रेशनला, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो त्याला. प्रदूषणाचे नियम आणि शिसं नसलेलं पेट्रोल आलं, तसं कॉम्प्रेशन 8.2 ते 8.5 वर उतरलं. हेडमधली (सिलिंडरवरच्या झाकणातली) ज्वलनाची पोकळी 76 सीसीची, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मवाळ आणि धूर बाहेर जायला एकच अरुंद वाट. ही इतकी दुखणी असताना पैसे आधी कुठे घालायचे, एवढाच प्रश्न आहे. माझी कसोटी सरळ आहे. रोजच्या गाडीचं इंजिन बहुतेक वेळ 1500 ते 4000 आरपीएममध्ये फिरतं, म्हणून टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, तिथे वाढला पाहिजे. 6000 आरपीएमला मिळणारा आकडा जाहिरातीत शोभतो, सिग्नलवरून निघताना त्याचा उपयोग नाही.

बहुतेकांचा हात आधी कॅमकडे जातो. स्वस्त असतो आणि आयडलिंगला तो ढगढग आवाज येतो, त्याचा मोह मलाही कळतो. पण कमी कॉम्प्रेशनच्या इंजिनात मोठा कॅम एकटा टाकणं हा या यादीतला सर्वांत वाईट सौदा आहे. मोठ्या कॅममध्ये इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. पिस्टन वर यायला लागला तरी व्हॉल्व्ह उघडाच असल्यामुळे हळू फिरताना थोडं मिश्रण परत बाहेर ढकललं जातं. मुळात कमी असलेला दाब आणखी घटतो आणि ज्या पट्ट्यात आपल्याला टॉर्क हवा तिथेच गाडी मरगळते. शिवाय पॉवर ब्रेकला मदत करणारा आयडलिंगचा व्हॅक्यूम पाऱ्याच्या 18 इंचांवरून 10-12 वर आला की ते ब्रेक जड होतात. रोज ट्रॅफिकमध्ये चालणाऱ्या गाडीत हे मला अजिबात मान्य नाही. या इंजिनाचे टॅपेट (कॅमवर टेकणारे तुकडे) सपाट आहेत, तेव्हा नवा कॅम बसवताना जास्त झिंक असलेलं ऑइल घालून पहिली वीसेक मिनिटं इंजिन 2000 आरपीएमच्या वर फिरवत ठेवावं लागतं. त्यात कुचराई झाली तर कॅमचे लोब (उंचवटे) घासून जातात आणि धातूचा चुरा ऑइलबरोबर सगळ्या इंजिनात फिरतो.

हेड बदलण्याचं गणित वेगळं आहे, आणि माझा कौल तिथेच आहे. जनरल मोटर्सने 1996 ते 2000 च्या टाहो, सबर्बन आणि पिकअप ट्रकमध्ये याच 350 ला व्हॉर्टेक हेड दिले. त्यातली पोकळी 64 सीसीची. एका सिलिंडरचं आकारमान 717 सीसी धरून हिशेब केला तर 8.2 चं कॉम्प्रेशन 9.2 च्या जवळ जातं, म्हणजे पिस्टनला हात न लावता पूर्ण एक अंक. वर या हेडमधून हवाही जास्त मोकळी वाहते. त्या ट्रकमधलं इंजिन 255 हॉर्सपॉवर आणि 2800 आरपीएमला 330 पाउंड-फूट टॉर्क देत होतं. त्यात रोलर कॅमचा (ज्याचे टॅपेट घासत नाहीत, चाकावर फिरतात) आणि इंजेक्शनचाही वाटा आहे, सगळं श्रेय हेडचं नाही. पण हा टॉर्क ज्या आरपीएमला येतो, तेच तर आपल्याला हवं आहे.

या हेडची पथ्यंही पाळावी लागतात. जुना इनटेक मॅनिफोल्ड यांवर बसत नाही, कारण बोल्टची मांडणी वेगळी. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या पट्ट्या) स्वतःच रेषेत राहणाऱ्या जातीचे लागतात आणि व्हॉल्व्ह कव्हर मधोमध बोल्ट असलेली. मूळ स्प्रिंगवर फार उंच लिफ्टचा, म्हणजे व्हॉल्व्ह फार उचलणारा, कॅम चालत नाही. मॅनिफोल्ड तापवणारी एक्झॉस्टची वाट यांत नाही, त्यामुळे कार्ब्युरेटरला इलेक्ट्रिक चोक लावावा लागतो. मिशिगन-ओहायोच्या थंडीत इंजिन तापायला वेळ घेतं. जंकयार्डमधून हेड आणले तर मशीन शॉपमध्ये भेगा तपासून घ्याच. हे हेड व्हॉल्व्ह सीटच्या मध्ये तडकतात. हेड उतरवलेलेच आहेत तर 0.050 इंच लिफ्टला मोजलं तर व्हॉल्व्ह 210 अंशांच्या आसपास उघडा ठेवणारा छोटा कॅम सोबत बसवावा. इथे कॅम शोभतो.

कार्ब्युरेटर की इंजेक्शन, यावर वाद फार होतात. 350 घन इंचांचं इंजिन 5500 आरपीएमला, 85 टक्के भरतं असं धरलं, तर मिनिटाला सुमारे 475 घनफूट हवा ओढतं. मूळचा क्वाड्राजेट कार्ब्युरेटर याहून कितीतरी जास्त देऊ शकतो. त्याच्या पुढच्या दोन नळ्या लहान आहेत, म्हणून हळू चालवताना पेट्रोलही बेताचं लागतं. नीट दुरुस्त केलेला क्वाड्राजेट काढून टाकण्याचं कारण मला दिसत नाही. कार्ब्युरेटरच्या जागी बसणाऱ्या थ्रॉटल बॉडी इंजेक्शनने ताकद फारशी वाढत नाही. मिळतं ते सकाळच्या थंडीत एका चावीत सुरू होणं आणि डोंगरावर चढलं तरी मिश्रण बरोबर राहणं. बदल्यात जास्त दाबाचा पंप, टाकीकडे परतीची नळी आणि ठणठणीत अल्टरनेटर लागतो. कोलोरॅडोत राहत असाल तर मी इंजेक्शनच सुचवेन. सपाट प्रदेशात ते पैसे आधी हेडला द्यावेत.

हेडर (मोकळ्या एक्झॉस्ट नळ्या) बसवले तर सिरॅमिक लेप असलेले घ्या, नाहीतर उष्णतेने स्टार्टर भाजतो.

इंजिनाच्या बाहेरचा एक पर्याय मी याच पंगतीत बसवतो: 700आर4 गिअरबॉक्स. गाडीतल्या जुन्या तीन गिअरच्या टीएच350 चा पहिला गिअर 2.52, याचा 3.06. म्हणजे इंजिनाला हात न लावता पहिल्या गिअरमध्ये चाकांवर 21 टक्के जास्त जोर. वर 0.70 चा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे इंजिन हळू फिरवणारा चौथा गिअर, असल्याने हायवेवर इंजिन शांत. प्रोपेलर शाफ्ट छोटा करून घ्यावा लागतो. टीव्ही (थ्रॉटल व्हॉल्व्ह) केबलचं सेटिंग तर अचूकच हवं, ते चुकलं की गिअरबॉक्स जळतो. रोज लांबचा हायवे असेल तर मी याला हेडच्या बरोबरीचं मानतो.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी खरेदीआधी गाडीचं साल पाहावं. 1975 आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग चेक (धुराची तपासणी) नाही, 1976 पासूनच्या गाड्यांना आहे. तिथे इनटेक असो वा हेडर, राज्याचा मंजुरी क्रमांक असलेला भागच घ्यावा. मिशिगनमध्ये अशी तपासणी नसली, तरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं देशभर बेकायदाच आहे.

काहीही मागवण्याआधी आठही सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. आकडे एकमेकांच्या जवळ असतील आणि इंजिन ऑइल पीत नसेल, तर हेड बदला. एखाद-दोन सिलिंडर फार खाली असतील, तर झिजलेल्या रिंगांवर नवे हेड चढवू नका. व्हॉर्टेक हेडवाल्या त्या ट्रकचं अख्खं इंजिनच आणा. इंजिन माउंट जुळतात. मागचं ऑइल सील एकसंध असल्यामुळे फ्लेक्सप्लेट (इंजिन गिअरबॉक्सला जोडणारी चकती) मात्र त्याच इंजिनाची लागते, आणि पेट्रोलसाठी बहुधा इलेक्ट्रिक पंप बसवावा लागतो. त्यात रोलर कॅम आयता मिळतो, म्हणजे झिंकची आणि त्या पहिल्या वीस मिनिटांची काळजीच उरत नाही.