वाकळ हाताने शिवावी की मशीनवर?

कपाटात जुन्या लुगड्यांचा ढीग पडलाय आणि थंडीच्या आत वाकळ, म्हणजे जाड गोधडी, शिवून व्हायला हवी. आता स्वतः सुई-दोरा घेऊन बसायचं, की घरच्या मशीनवर उरकायचं, की गावातल्या गोधडीवाल्याकडे कापड टाकून मोकळं व्हायचं? उत्तर वेळेवर कमी आणि हातातल्या कापडावर जास्त अवलंबून आहे, म्हणून आधी कापड तपासू.

लुगड्याचा एक भाग दोन्ही अंगठ्यांत धरून आडवा आणि उभा ताणा. कापड नुसतं ताणलं जाऊन परत बसलं तर ते वर लावायला चालेल. धागे सरकून जाळी दिसली तर आतल्या पदराला, म्हणजे थराला, वापरा. ‘चर्र’ आवाज करत फाटलं तर ते पुसायच्या फडक्यांत टाका, कारण असं धडपं आत घातलं की पहिल्याच धुण्यात त्याचे गोळे होतात. दांड घातलेली (फाटलेले तुकडे जोडून शिवलेली) जागा, निऱ्यांचा भाग आणि बसून झिजलेला मागचा भाग हमखास अशक्त असतो. इरकलीचं अंग बहुधा सुती असतं, पण खांद्यावरचा पदर रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो. तो धुण्यात वेगळा आटतो, म्हणून कापून बाजूला ठेवा. सुती की टेरिकॉट (पॉलिस्टर मिसळलेलं) हे कळत नसेल तर कडेचा एक धागा जाळून बघा. सुती धागा कागदासारख्या वासाने जळून राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. पॉलिस्टरचे थर एकमेकांवर सरकतात आणि घाम शोषत नाहीत.

कापड तिसऱ्या प्रकारातलं नसलं, पण मऊ आणि विरलेलं असलं, तर मशीनचा विचार सोडा. हाताचा धावदोरा साधारण सहा-सात मिलिमीटरवर कापडात शिरतो, मशीनची सुई तीन-चार मिलिमीटरवर. दोन मीटरच्या ओळीत मशीन जवळपास दुप्पट भोकं पाडते, आणि टाका घट्ट असल्याने सगळा ताण त्या रेषेवर येतो. विरलेलं कापड मग टपाल तिकिटासारखं त्या रेषेवरच फाटतं. पॉलिस्टरच्या दोऱ्याने तर आणखी लवकर, कारण दोरा कापडापेक्षा मजबूत असतो आणि त्यालाच कापतो. जुन्या कापडाला सुती दोराच हवा.

मजबूत कापड किंवा नवा मांजरपाट असेल तर मशीन खुशाल वापरा. नवं कापड मात्र रात्रभर भिजवून खळ काढल्याशिवाय कापायचं नाही. पहिल्या धुण्यात ते शेकडा तीन ते पाच आटतं. दोन मीटरला सहा ते दहा सेंटिमीटर झाले. वरचं नवं कापड आटलं आणि आतलं जुनं जसंच्या तसं राहिलं की सगळीकडे फुगे येतात, आणि शिवून झाल्यावर त्याला इलाज नाही. गडद लाल आणि निळ्या रंगावर ओलं पांढरं फडकं घासून रंग सुटतो का तेही बघून घ्या.

पहिल्या वाकळेचं माप सोपं ठेवा. नऊवारी लुगडं सव्वाआठ मीटरच्या आसपास लांब आणि पंचेचाळीस इंच रुंद असतं. चार घड्या घातल्या की सहा-साडेसहा फुटांची, एका माणसाची चार पदरी वाकळ होते, मध्ये जोड लावावा लागत नाही. कूलरच्या वाऱ्याला किंवा बाजेवर अंथरायला ती पुरते. परभणीकडे डिसेंबर-जानेवारीत पारा एक आकडी होतो, तिथे सहा-सात पदर लागतात. आणि नेमकं इथेच घरचं मशीन हात टेकतं.

साधं घरगुती मशीन सुती लुगड्याचे चार-पाच पदर नीट शिवतं. त्यापुढे टाके सुटायला लागतात. सोळा किंवा अठरा नंबरची सुई लावा, टाक्याची लांबी चारवर न्या आणि पायाचा दाब कमी करा. तरीही खालचे दात खालचा पदर पुढे ओढतात आणि वरचा पाय वरचा पदर मागे रेटतो, त्यामुळे ओळीच्या शेवटी चुण्या जमतात. यावर दोन उपाय आहेत: चार-चार इंचांवर मोठे कच्चे टाके आधी घालणे, आणि शिलाई मधल्या ओळीपासून सुरू करून दोन्ही कडांकडे नेणे. कडेपासून सुरुवात केली तर ढिलाई मध्ये अडकते. हातशिलाईलाही कच्चे टाके लागतातच, पण तिथे बोटाखाली चुणी लागली की थांबून सारखी करता येते. मशीनवर ती उलट बाजूला शिवली गेल्यावर दिसते.

हाताचं गणित असं: एक-एक इंचावर ओळी घेतल्या तर या मापाला साधारण चव्वेचाळीस ओळी, म्हणजे अठ्ठ्याऐंशी मीटर शिलाई. दोरा एकशेपंधरा ते एकशेवीस मीटर जातो. रोज दोन तास बसलात तर दोन-तीन आठवडे धरा. दीड इंचावर ओळी चालतात, काम तिसऱ्या हिश्श्याने घटतं. मशीनवर दोन इंचांच्या ओळी आणि एक दिवस पुरतो, पण दोरा तितकाच जातो, कारण वरचा आणि बॉबिनचा असे दोन दोरे लागतात.

दोरा हातभरच घ्या. लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून घासत जातो आणि शेवटी विरतो. मेणावरून ओढला तर गुंतत नाही. गाठ पदरांच्या आत लपवा आणि वीतभर अंतरावर एक उलटा टाका घाला, म्हणजे दोरा तुटला तरी उसवणं तिथेच थांबतं. अंगुस्तान मधल्या बोटात घाला. पाच-सहा पदरांतून सुई रेटायची तर त्याशिवाय दुसऱ्या दिवशी बोट सुईला हात लावू देत नाही.

गोधडीवाल्याकडे देणार असाल तर आधी त्याच्याकडची तयार वाकळ उलटी करून बघा. मागच्या बाजूला साखळीसारखे वेढे दिसले तर एक टोक तुटून अख्खी ओळ सरसर उसवू शकते. दोन्ही बाजूंनी टाका सारखा दिसला तर निश्चिंत राहा. आणि सांगून ठेवा की आत आपलंच कापड घालायचं, दुकानातल्या चिंध्या नकोत.

धुण्याचा विचार गावातल्या पाण्याचा हिशेब ठेवूनच करावा. सहा-सात पदरी वाकळ भिजली की एकट्याला पिळता येत नाही, आणि एप्रिलनंतर टँकरच्या पाण्यावर ती तीनदा खळबळणं परवडत नाही. जाड वाकळेला सुती खोळ शिवा, खोळ धुवा आणि वाकळेला ऊन द्या. दोरीवर टांगली तर ओलं वजन एका रेषेवर येऊन टाके तुटतात, बाजेवर पसरा.

बाळाच्या दुपट्याला हातशिलाईच घ्या. तीस बाय छत्तीस इंच, दोन-तीन पदर, सगळ्यात मऊ लुगडं. मशीनचा घट्ट टाका त्या मऊपणाला कडक करून टाकतो. नवशिक्यालाही हेच माप बरं, चार-पाच बैठकांत हात बसतो.

बाकी सगळ्या वाकळांना आमच्या मते मिसळीचा मार्ग उत्तम: पदरांचे जोड आणि गोट (कडेला लावायची पट्टी) मशीनवर, मधलं अंग हाताने. गोट मात्र सगळ्यात शेवटी कापा. शिवता-शिवता वाकळ इंच-दोन इंच आकसते, आधी कापलेला गोट मग लांब पडून कोपऱ्यात गोळा होतो. शिलाई संपल्यावर चारही बाजू पुन्हा मोजा. या मापाला सव्वासहा मीटर पट्टी लागते, कोपरे आणि जोड धरून साडेसहा. दुसऱ्या लुगड्याचा एका बाजूचा सुती काठ सलग कापला तर तो आठ मीटर निघतो आणि जोड लावायची वेळच येत नाही.