ट्रॅक्टरवरचं चिपर मशीन: दोन हंगाम वापरल्यानंतर

छाटणी झाली की फांद्या बांधाकडेला रचायच्या, वाळल्या की पेटवून द्यायच्या, हे मी कित्येक वर्षं केलं. एका वर्षी वारा फिरला आणि आग कडेच्या गवतात शिरली. दोन फळं धरणारी झाडं एका अंगाने होरपळली. ती झाडं पुढे वर्षभर डोळ्यासमोर होती, म्हणून फांद्यांचा चुरा करणारं हे चिपर घेतलं. दोन हंगाम झाले आता. घेण्याआधी मला जे कोणी सांगितलं नाही, ते इथे लिहितोय.

माझं मशीन थ्री पॉइंट लिंकेजला (ट्रॅक्टरमागची अवजार जोडायची तीन टोकं) जोडायचं, पीटीओवर (इंजिनची ताकद अवजाराला देणारा ट्रॅक्टरमागचा फिरता दांडा) चालणारं, चकतीचं आहे. एका जड लोखंडी चकतीवर चार पाती बसवलेली, समोर एक स्थिर पातं. ट्रॅक्टर 35 एचपीचा. पीटीओला मिनिटाला 540 फेरे लागतात, म्हणजे शाफ्ट सेकंदाला 9 वेळा फिरतो. थ्रॉटल कमी ठेवून डिझेल वाचवायला गेलात तर फांदी अर्ध्यात अडकते आणि चकती दमते. आधी पूर्ण फेरे येऊ द्या, आवाज एकसुरी झाला की मगच फांदी घाला. जाड फांदी घातल्यावर आवाज खाली बसला, तर पुढची घालण्याआधी तो परत चढू द्या.

मशीनवर क्षमता 4 इंच लिहिली आहे. सरळ, ओल्या फांदीला ते खरं आहे. पण छाटलेली फांदी सरळ कधी असते? दुबेळकं, म्हणजे दोन फाटे फुटलेली फांदी, आलं की हॉपरच्या (फांदी आत घालायच्या पेटीच्या) तोंडातच आडवं बसतं. त्यामुळे अडीच-तीन इंचांच्या पुढचा माल मी सरपणाला काढतो, आणि दुबेळकी कोयत्याने आधीच फोडून घेतो. खरा वेळ या तयारीत जातो. पहिल्या वर्षी आम्ही फांद्या जशा पडल्या तशा ओढून ढीग मारला होता. मशीनपाशी उभं राहून एकेक फांदी गुंत्यातून उपसताना दोन माणसं घामाघूम झाली आणि मशीन रिकामं फिरत राहिलं. आता छाटणी चालू असतानाच सगळे बुंधे एका दिशेला ठेवून रास लावतो. बुंधा आधी आत जातो, शेंडा मागून आपोआप येतो. एवढ्या एका बदलाने दोन दिवसांचं काम एका दिवसावर आलं.

या मशीनला फांदी ओढून घेणारे हायड्रॉलिक रोलर नाहीत. पात्यांच्या कोनामुळेच फांदी आत खेचली जाते. पाती धारदार असतील तर हात लावताक्षणी फांदी हातातून जाते, बोथट झाली की आपल्याला ढकलावं लागतं. फांदी ढकलावी लागतेय असं वाटलं की त्याच दिवशी पाती उतरवायची, हा नियम मी केलाय. चुऱ्याकडे बघूनही कळतं. धार असेल तर नखाएवढे स्वच्छ कापलेले तुकडे पडतात, कडा हाताला लागते. धार गेली की भुसा आणि सालीच्या दोऱ्या येतात, आणि त्याच दोऱ्या पुढे चुरा बाहेर फेकणाऱ्या धुराड्यात बसून चोंदतात. आमची पहिली धार दुसऱ्याच आठवड्यात गेली. कुंपणाकडेची झुडपं काढताना त्यात जुनी तार राहिली होती. एकच कर्कश आवाज झाला आणि दोन पात्यांना खाचा पडल्या. मातीने भरलेली मुळंही तेच करतात, फक्त हळूहळू.

पाती बदलताना चकती लाकडी ठोकळ्याने अडवून धरा, नाहीतर बोल्ट सैल होताना ती फिरते आणि बोटं पात्यावर जातात. स्थिर पातं आणि फिरती पाती यांतली फट माझ्या मशीनच्या पुस्तकात दिलीय त्याप्रमाणे मी फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) चारही पात्यांना तपासतो. एकाला जुळली म्हणून बाकीच्यांना जुळेलच असं नाही. पात्यांचे दोन संच ठेवा. एक मशीनवर, एक धारेला.

शिअर बोल्टबद्दल एक. पीटीओ शाफ्टवरचा हा बोल्ट मुद्दाम मऊ असतो, अडकलं की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. सारखा तुटतोय म्हणून जास्त कडक बोल्ट घालण्याचा सल्ला मलाही मिळाला. ऐकू नका. तो का तुटतोय ते शोधा. माझ्याकडे पातीच बोथट होती.

आता जिवाची गोष्ट. पीटीओ बंद केला तरी चकती लगेच थांबत नाही. मी एकदा घड्याळ लावून बघितलं, पावणेदोन मिनिटं फिरत होती. तोवर हॉपरमध्ये हात नाही, झाकण उघडायचं नाही. चोंदलं तर ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, मग हात. फांदी घालताना समोर उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. शेवटचे आखूड तुकडे हाताने न ढकलता लांब काठीने ढकलायचे, किंवा पुढच्या लांब फांदीबरोबर जाऊ द्यायचे. गळ्यात टॉवेल नको, बाही सैल नको. काटेरी फांदी कापडात अडकली तर माणसालाही सोबत ओढेल, म्हणून काटेरी माल मी दुसऱ्या कुणाच्या हातात देत नाही. डोळ्याला चष्मा, कानाला मफ. शाफ्टवरचं प्लास्टिकचं आवरण तुटलं तर नवं येईपर्यंत काम बंद.

बांबू आणि चिवट, तंतूमय सालीच्या हिरव्या फांद्या याला मानवत नाहीत. पूर्ण वाळलेलं कडक लाकूड चालतं, पण धार पटकन खातं. सगळ्यात छान चालतो तो छाटणीनंतर आठवड्याभरातला माल.

चुरा मी झाडांच्या बुडाशी 3 ते 4 इंच पसरतो, खोडापासून वीतभर सोडून. मातीत मिसळत नाही, कारण लाकूड कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात आणि पीक पिवळं पडतं. वर पसरलेला असला की तो त्रास होत नाही. रोगट फांद्यांचा चुरा मात्र बागेत परत आणत नाही.

पुन्हा घ्यायची वेळ आली तर रोलरवालं मशीन घेईन. यात एक माणूस नुसता फांद्या धरायला अडकतो, आणि दिवसाच्या शेवटी दमलेल्या हातांनी हॉपरपाशी उभं राहणं मला आवडत नाही. पण हे विकायचा विचारही नाही. परवा त्या होरपळलेल्या झाडांपैकी एकाखालचा गेल्या वर्षीचा चुरा हाताने बाजूला केला. खाली माती ओली होती आणि पांढरी मुळं वरपर्यंत आली होती.