लोकरीचा पॅड की फोमचा? गाडीवरचे ओरखडे काढायला मशीन लावण्याआधी

ओरखडा दिसला की आधी त्यावरून नख आडवं फिरवून बघा. नख अडकलं, तर कुठला पॅड घ्यावा हा प्रश्नच उरत नाही, कारण तो ओरखडा पॉलिशने जायचा नाही. फार तर त्याच्या कडा गोलसर होतील आणि तो थोडा कमी डोळ्यांत येईल. नख न अडकता सरकलं, तर ओरखडा बहुतेक रंगावरच्या पारदर्शक थरात, म्हणजे क्लिअर कोटमध्ये आहे. पुढची सगळी तुलना अशा ओरखड्यांसाठी.

कंपनीतून आलेल्या गाडीवर हा क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉन असतो. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास भरतो, यावरून अंदाज करा. पॉलिशमुळे ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत आणला जातो. दर बफिंगला, म्हणजे मशीनने पॉलिश करताना, थोडा क्लिअर कोट खर्च होतो आणि तो परत मिळत नाही. म्हणून कुठला पॅड सगळ्यात लवकर कापतो यापेक्षा, हे काम किती कमी कापून होईल, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

लोकर जोरात कापते याला कारण आहे. फोमच्या पॅडवर घासण्याचं काम जवळजवळ सगळं कंपाऊंडमधले (म्हणजे जास्त कापणाऱ्या पॉलिशमधले) कण करतात. लोकरीचे तंतू मात्र स्वतःही घासतात. प्रत्येक तंतूवर सूक्ष्म खवले असतात. त्यामुळे बॉनेटभर पसरलेले जुने ओरखडे किंवा 2000 नंबरच्या पॉलिश पेपरच्या खुणा लोकर दोन-तीन फेऱ्यांत काढते, तिथे कटिंग फोमला बऱ्याच जास्त फेऱ्या लागतात. शिवाय तंतूंमधून हवा खेळते, म्हणून रंग कमी तापतो. लोकर म्हणजे रंग जाळणारा पॅड असं सर्रास बोललं जातं, पण त्यातला बराच दोष मशीनचा असतो. रोटरी मशीन एकाच अक्षावर फिरतं आणि सगळा जोर एका जागी देतं. ते हातात असेल, तर फोमनेही रंग जळतो, आणि फोम उष्णता धरून ठेवतो.

लोकरीची खरी अडचण ओरखडा गेल्यावर सुरू होते. सावलीत पॅनेल चकचकीत दिसतं, समाधान वाटतं. गाडी उन्हात आणली किंवा बारीक झोताचा टॉर्च तिरका धरला, की झोतासोबत सरकणाऱ्या धुरकट रेघा दिसतात. यांनाच होलोग्राम म्हणतात, आणि काळ्या किंवा गडद निळ्या गाडीवर त्या लपत नाहीत. लोकरीने स्वतः पाडलेल्या या बारीक खुणा मऊ फोम आणि फाइन पॉलिश घेऊनच काढाव्या लागतात. थोडक्यात, लोकर घेतली तर दुसरी पायरी ठरलेलीच. त्या पायरीला वेळ नसेल, तर लोकर घेऊच नका.

फोम हळू चालतो, पण चुकीला वाव देतो. मध्यम कडकपणाचा फोम आणि बरं पॉलिश असेल, तर धुताना पडलेले गोल गोल चरे एकाच पायरीत काढून चांगली चमकही मिळते. कडक फोम कापतो, मऊ फोम फक्त शेवटची झळाळी देतो. रंगावरून मात्र कडकपणा ओळखायला जाऊ नका. एका कंपनीचा कटिंग पॅड ज्या रंगाचा, त्याच रंगाचा दुसऱ्या कंपनीचा पॅड फिनिशिंगचा असू शकतो. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. फोमची कमजोरी म्हणजे उष्णता: बराच वेळ दाबून चालवला की मध्यभागी तापून बसतो, कधी आतून फाटतो.

मायक्रोफायबरचा पॅड या दोघांच्या मधला. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनवर (यात पॅड फिरता फिरता डोलतोही, म्हणून जोर एका जागी राहत नाही) तो जवळपास लोकरीइतका कापतो आणि फिनिश तिच्यापेक्षा बरा देतो, पण लवकर भरतो. दर पॅनेलनंतर ब्रशने साफ करायचा कंटाळा असेल, तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

आता मशीन, कारण पॅड त्याच्यावरच ठरतो. लांब तंतूंची जुन्या पद्धतीची लोकर रोटरीसाठी असते. ती ड्युअल अ‍ॅक्शनवर लावली, तर मशीनची हालचाल तंतूंच्या वाकण्यातच जिरते आणि रंगापर्यंत फार थोडी पोचते. ड्युअल अ‍ॅक्शनसाठी आखूड तंतूंचे पॅड मिळतात, ते घ्या. रोटरीचा हात बसलेला नसेल, तर पहिल्यांदाच रोटरी आणि लोकर ही जोडी स्वतःच्या गाडीवर वापरू नका. एखादं भंगारातलं पॅनेल मिळालं तर त्यावर हात बसवा.

कडांबद्दल सगळ्यांनाच सांगावंसं वाटतं. दाराच्या कडेला आणि बॉनेटच्या उभार रेषेवर रंग आधीच पातळ असतो, कारण ओला रंग कडेवरून मागे सरकतो. तिथे लोकरीचा पॅड क्षणभर रेंगाळला तरी क्लिअर कोट पार होऊ शकतो. मास्किंग टेप लावा आणि टेपच्या जवळ फोमच वापरा. प्लॅस्टिकच्या बंपरवरही फोमच बरा: पत्रा उष्णता पसरवतो, प्लॅस्टिक ती जागच्या जागी धरतं.

मी स्वतः ठरवतो ते असं. चार-दोन ओरखडे, नवी गाडी, मऊ रंग: ड्युअल अ‍ॅक्शन आणि मध्यम फोम, लोकर बाहेर काढायचीच नाही. पूर्ण गाडी चऱ्यांनी भरलेली, रंग कडक, आणि हातात पूर्ण दिवस: आखूड लोकर आणि मागून फोम. पॉलिश पेपर मारलेला असेल, तर लोकरच. गाडी पुन्हा रंगवलेली असेल किंवा आधी किती वेळा बफिंग झालंय हे माहीत नसेल, तर पॅडआधी रंगाची जाडी मोजणारं मीटर कुणाकडून तरी मिळवा. तोवर फक्त फोम. जुन्या गाडीवर क्लिअर कोट नसेल, तर पॅडवर गाडीचाच रंग उतरलेला दिसेल. तेव्हा घाबरू नका, पण फेऱ्या कमी करा.

कुठल्याही जोडीने सुरू करा, पण आधी गाडी धुऊन, क्ले बार (रंगाला चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ वडी) फिरवून, सावलीत थंड झालेल्या पॅनेलवर दोन फूट बाय दोन फुटांचा एकच तुकडा करून बघा. सगळ्यात सौम्य पॅडने सुरुवात करा आणि गरज पडली तरच चढत जा. मग पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो तुकडा पुसा. काही कंपाऊंडमधलं तेल ओरखडे तात्पुरतं झाकतं; पुसल्यावर जे उरतं तेच तुमचं खरं काम.

खरेदी करताना पॅडची संख्या लोक हमखास कमी धरतात. एका पॅडवर पूर्ण गाडी होत नाही. फोमचे निदान चार-पाच तरी ठेवा, म्हणजे तापलेला बाजूला ठेवून दुसरा चढवता येतो. लोकरीचे दोन पुरतात, पण नवा पॅड सुरुवातीला तंतू सोडतो, म्हणून आधी मोकळा फिरवून ब्रशने विंचरून घ्या. धुताना कोमट पाणी आणि सौम्य साबण, मग सावलीत वाळवणं. गरम पाण्यात चोळली तर तंतूंवरचे तेच खवले एकमेकांत अडकतात, लोकर घट्ट जमून नमद्यासारखी होते आणि तो पॅड पुन्हा रंगावर चालवण्याच्या लायकीचा राहत नाही.