कॉम्प्युटरवरचा पेशंट की एमवायमधला? सुट्टीचा महिना कुठे घालवावा

एमबीबीएसच्या थर्ड इयरला गेलेली आपल्या इंदूरची पोरं उन्हाळा आला की हेच विचारतात. हातात एक महिना आहे. व्हर्च्युअल केसेसचं सबस्क्रिप्शन घ्यावं, की एमवायच्या, म्हणजे इंदूरच्या सरकारी महाराजा यशवंतराव हॉस्पिटलच्या, मेडिसिन वॉर्डात बसून पेशंट आपल्या आजाराला मनाने कसा तोंड देतो ते शिकावं? अर्धा महिना इकडे, अर्धा तिकडे असं मात्र करू नका. दोन्ही कच्चं राहतं.

आधी कॉम्प्युटरचं बघू. पडद्यावर 48 वर्षांचा माणूस येतो. रात्रीपासून पोटात वरच्या बाजूला दुखतंय, दोनदा उलटी, दरदरून घाम. तुम्ही अ‍ॅसिडिटी धरून पँटोप्राझोल देता, ईसीजी मागवतच नाही. पुढच्या स्क्रीनवर बीपी कोसळलेलं आणि खाली शेरा: इन्फिरिअर वॉल एमआय (हृदयाच्या खालच्या भिंतीचा हार्ट अटॅक), पहिल्याच निदानावर अडकलात. असं चुकायची आणि लगेच कळायची सोय वॉर्डात नाही. तिथे पेशंटचं पुढे काय झालं ते कळायच्या आत तुमचं पोस्टिंग बदललेलं असतं.

या कळण्यातच सगळी ताकद आहे. इंग्लंडमधल्या लीड्सच्या डॉ. डी डोंबल यांच्या गटाने 1972 साली पोटदुखीच्या 304 पेशंटवर कॉम्प्युटर चालवून पाहिला. त्याचं निदान 91.8 टक्के बरोबर आलं, सीनियर डॉक्टरांचं 79.6. हे आकडे सगळे सांगतात. मला पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: ठरावीक फॉर्म भरून आणि निकाल वेळच्या वेळी कळून तिथल्या डॉक्टरांचं स्वतःचं निदानही सुधारलं, आणि प्रयोग संपल्यावर पुन्हा घसरलं. म्हणजे महिनाभर केसेस सोडवून पुढे सोडून दिल्या, तर फारसं काही हाती राहायचं नाही. शिवाय 2010 च्या एका मोठ्या आढाव्यात असं दिसलं की व्हर्च्युअल पेशंटमुळे काहीच न शिकण्यापेक्षा भरपूर फायदा होतो, पण इतर पद्धतींनी शिकण्याच्या तुलनेत थोडाच. सबस्क्रिप्शन महाग वाटत असेल तर चार मित्र जमवून केस डिस्कशन करा, बरंचसं काम भागतं.

आता वॉर्ड. खरगोनकडची शुगरची बाई, पायाला जखम. ‘गोली रोज लेती है,’ असं तिचा मुलगाच सांगतो. ती गप्प. मुलगा चहाला गेल्यावर पिशवी बघितली तर गोळ्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा. दोन मिनिटं शांत बसलं की कळतं: शेजारणीला इन्सुलिन लागलं आणि वर्षात ती गेली, तेव्हापासून हिने शुगर तपासणंच सोडलंय. केसशीटवर हिच्या नावापुढे ‘अनियमित औषधं’ एवढंच लिहिलेलं असतं.

लाझारस आणि फोकमन या मानसशास्त्रज्ञांनी 1984 मध्ये मांडलेली विभागणी इथे उपयोगी पडते. काही माणसं अडचणीलाच भिडतात, काही आधी मनाची घालमेल आवरतात. ही बाई दुसरं करतेय. ‘मला काही झालेलं नाही’ हा पवित्रा हार्ट अटॅकनंतर आयसीयूतले पहिले दिवस सुसह्य करतो, घरी गेल्यावर मात्र तोच औषधं बंद करायला लावतो. म्हणून तिला ‘घाबरू नका’ म्हणून काही होत नाही. ‘या आजाराने तुमचं काय होईल असं वाटतं?’ हे विचारायला लागतं, आणि उत्तर येईपर्यंत थांबायला लागतं. 1984 च्याच एका अमेरिकन अभ्यासात डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत पेशंटला मध्येच तोडत होते. एमवायच्या ओपीडीतली रांग बघता आपण त्यांना नावं ठेवायला नकोत.

आणि हे निदानाबाहेरचं काम समजू नका. हॅम्प्टन या ब्रिटिश डॉक्टरांच्या 1975 च्या पाहणीत 80 नव्या पेशंटपैकी 66 जणांचं अंतिम निदान रेफरन्सचं पत्र आणि हिस्ट्री एवढ्यावरच आलेलं होतं. पडद्यावरचा पेशंट ती हिस्ट्री विचारताक्षणी देतो, तीही बहुतेक वेळा इंग्रजीत. घरी मराठी, कॉलेजात हिंदी बोलणाऱ्या आपल्या मुलांना खरगोनकडची निमाडी बोलणाऱ्या पेशंटशी बोलायचा सराव त्यातून मिळणार नाही.

मग निवडायचं कसं? शेवटचं केस प्रेझेंटेशन आठवा. ‘आणखी काय असू शकतं?’ या प्रश्नावर बोबडी वळली असेल तर कॉम्प्युटर. पीजी एन्ट्रन्सचीच धास्ती असेल तरीही कॉम्प्युटरच. वॉर्डातल्या गप्पांचे एमसीक्यू येत नाहीत. पण तुम्ही घेतलेली हिस्ट्री एक आणि रेसिडेंटने नंतर पेशंटच्या बायकोकडून काढलेली दुसरीच, असं झालं असेल तर वॉर्ड. माझ्या बघण्यात ही दुसरीच तऱ्हा जास्त आहे, त्यामुळे माझं मत वॉर्डाकडे झुकतं.

राउंड संपल्यावर दुपारी जा, सकाळी तुम्हाला कुणी उभंही करणार नाही. एचओडींच्या (विभागप्रमुखांच्या) परवानगीचा अर्ज एप्रिलमध्येच द्या, मे महिन्यात सरही सुट्टीवर असतात.