मोडी शिकवणाऱ्या यूट्यूब वाहिनीचे सशुल्क सदस्यत्व : नऊ महिन्यांनंतर

आजोबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत सव्वीस मोडी कागद निघाले. ते वाचून देणाऱ्यांकडे चौकशी केली तेव्हा पानामागचा दर ऐकून मी स्वतःच मोडी शिकायचे ठरवले. (२०२३ साली जुन्या मोडी दप्तरांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली आहे, तेव्हा दराबद्दल त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.) त्याच शोधात एका जाणकार गृहस्थांची छोटी यूट्यूब वाहिनी सापडली. महिनाभर फुकट पाहून झाल्यावर मी तिचे दरमहा १५९ रुपयांचे सदस्यत्व घेतले. आजवर १,४३१ रुपये गेले आहेत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो : मुळाक्षरे, बाराखडी आणि जोडाक्षरे यांचे सर्व पाठ वाहिनीवर विनामूल्य आहेत आणि तेच तिथले सर्वांत नीटस काम आहे. केवळ सदस्यांसाठी असलेल्या चित्रफिती महिन्याला दोन येतात, आणि त्यांत बहुधा पेशवेकालीन पत्रांचे वाचन असते. त्या काळच्या कारकुनाचे वळण इतके घोटीव असते की दहा-बारा पत्रांनंतर आपल्याला मोडी येते असा भ्रम होतो. माझे कागद मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले, घाईने खरडलेले. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत जातात, हात शक्यतो उचलत नाहीत, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा पाळत नाहीत. त्यामुळे अक्षरे ओळखता आली तरी मजकुराचा अंदाज असल्याशिवाय ओळ लागत नाही. पहिल्या तीन महिन्यांत मी पैसे वाया घालवतो आहे, असेच मला वाटत होते.

मत बदलले ते दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी होणाऱ्या सदस्यांच्या लाइव्हमुळे. प्रत्येकाने आपल्याकडचे एक पान आधी पाठवायचे, आणि त्यांतली चार-पाच पाने ते गृहस्थ सर्वांसमोर अडखळत, चुका दुरुस्त करत वाचतात. हे अडखळणेच मला फार उपयोगी पडले, कारण एखादा शब्द लागत नसेल तर पुढची ओळ वाचून मागे कसे यायचे, हे तयार पाठात कधी दिसत नाही. पाचव्या महिन्यात माझे एक खरेदीखत घेतले गेले. त्यातील ‘५॥’ हा आकडा मी पाच रुपये असा वाचून पुढच्या दोन उभ्या रेघांना पूर्णविराम समजलो होतो. ती रक्कम साडेपाच रुपये आहे, हे कळल्यावर खाली दिलेली बेरीज, जी मला महिनाभर चुकलेली वाटत होती, बिनचूक जुळली. तसेच फसली सनात (जुन्या महसुली कागदांवर असणाऱ्या वर्षात) ५९० मिळवले की इसवी सन येतो एवढे मला ठाऊक होते. पण ते वर्ष जूनच्या सुरुवातीला मृगापासून बदलत असल्याने जानेवारी ते मेमधल्या तारखांना ५९१ मिळवावे लागतात, हे तिथेच समजले आणि माझ्या तीन कागदांची वर्षे दुरुस्त झाली.

तक्रारी आहेतच. दिवाळीच्या सुमारास सलग दोन महिने लाइव्ह झाले नाही, त्याची सूचनाही आली नाही आणि पैसे मात्र कापले गेले. रक्कम जाण्याच्या २४ तास आधी बँकेचा संदेश येतो, तेव्हा ते थांबवणे माझ्या हाती होते; भिडेपोटी थांबवले नाही. सदस्यत्व संपले की सदस्यांच्या चित्रफिती बंद होतात, म्हणून मी प्रत्येक लाइव्हची टिपणे वहीत उतरवून ठेवतो. नावापुढे मिळणाऱ्या बिल्ल्याचा मला काडीचाही उपयोग नाही.

सदस्यत्वाच्या रकमेतून कर वजा जाता उरणाऱ्या पैशांतले ७० टक्के वाहिनीला मिळतात, म्हणजे माझ्या १५९ रुपयांतले साधारण शंभर. निव्वळ मदतच करायची असेल तर त्यांनी दिलेल्या यूपीआय क्रमांकावर वर्षातून एकदा थेट रक्कम पाठवणे अधिक सरळ आहे. मात्र त्याने लाइव्हमध्ये जागा मिळत नाही. ज्यांच्या घरी स्वतःचे कागद आहेत त्यांनी चार-सहा महिने जरूर पैसे भरावेत आणि पहिल्याच महिन्यापासून पान पाठवावे, माझ्यासारखे नुसते बघत बसू नये. केवळ लिपीची हौस असणाऱ्यांना विनामूल्य पाठ पुष्कळ आहेत.

माझे एकोणीस कागद वाचून झाले आहेत. उरलेल्या सातांपैकी दोन वाळवीने खाल्लेले आहेत, त्यामुळे पाचच पाने पाठवायची राहिली आहेत. तोवर सदस्यत्व चालू ठेवणार आहे, आणि दिवाळीत पुन्हा खंड पडणार असेल तर आधी कळवावे, असे त्यांना लिहिले आहे.